पांढरीची रेघ आणि आपण

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी आमच्या कॉलनीतले पाचजण माझ्याकडे आले. हर्सूलला, जटवाड्याच्या रस्त्याकडे, आमचे वीस बाय तीसचे घर आहे. आलेले सगळे ओळखीचे, सगळे आपल्यातलेच. चौदा एप्रिलची वर्गणी दारोदार फिरून गोळा करणारे. त्यांना एक निवेदन लिहून हवे होते. कॉलनीच्या मागच्या सरकारी जमिनीवर दोन वर्षांत तीस-पस्तीस पत्र्याची घरे उभी राहिली आहेत. ती उठवावीत, निदान त्यांना नळ आणि वीजमीटर देऊ नये, अशी मागणी करायची होती. कच्चा मसुदा त्यांनी बरोबर आणला होता. "सर, तुम्ही मराठीचे. जरा नीट भाषेत मांडून द्या. सह्या आम्ही घेतो."

मसुदा मी ठेवून घेतला. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. एखादा शब्द कुठून आला आणि तो कोणाच्या बाजूने उभा आहे, हे विद्यार्थ्यांना दाखवणे माझे काम. त्या अर्ध्या पानाला मी तीच कसोटी लावून पाहिली. साहित्याला वाहिलेल्या नियतकालिकात एका निवेदनाची चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, कोणी कुठे राहावे याविषयीचे समाजाचे मत कथा-कादंबरीत आडवळणाने येते. निवेदनांत, हरकतींत आणि वर्तमानपत्रांतल्या वाचकांच्या पत्रांत ते उघडपणे येते. तेही मराठी गद्यच आहे. त्याची समीक्षा मात्र कोणी करीत नाही.

१

मसुद्यात चार शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा आले होते. 'मूळ रहिवासी', 'बाहेरून आलेले लोक', 'अतिक्रमण' आणि 'परिसराचे विद्रूपीकरण'.

'मूळ रहिवासी' म्हणजे आम्ही. या शब्दाशी मी बराच वेळ थांबलो. माझ्या वडिलांचे गाव गंगेकाठचे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. वडिलांचे घर जळले नाही. पण गावातले काम बंद झाले, पिठाची गिरणी बंद झाली, रस्ता बंद झाला. काही वर्षे कशीबशी काढून ते तेव्हाच्या औरंगाबादला आले. मिस्त्रीच्या हाताखाली माल कालवला, भाड्याच्या खोल्या बदलल्या. प्रत्येक खोलीच्या दारात पहिला प्रश्न आडनावाचा होता. पुढे एका शेतकऱ्याने शेताचे तुकडे पाडून विकायला काढले तेव्हा त्यांनी सहाशे चौरस फूट जागा शंभर रुपयांच्या बाँडवर लिहून घेतली. सातबारावर नाव नाही, रस्ता नाही, नाली नाही. पहिली दोन वर्षे वीज आकड्याची. निवेदनातली सगळी विशेषणे त्या काळच्या माझ्या वडिलांना जशीच्या तशी लागू पडतात. ते बाहेरून आलेले होते. त्यांचे घर अनधिकृत होते. आणि पत्र्याचे असल्यामुळे ते कोणाला सुंदर दिसणेही शक्य नव्हते.

म्हणजे 'मूळ' या शब्दाला इथे इतिहासाचा आधार नाही. जो आधी आला आणि ज्याच्या हाती पावती पडली तो मूळ, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

२

गावाच्या मातीसाठी मराठीत दोन जुने शब्द आहेत. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. या दोहोंत आमचे घर कुठे होते? पांढरीच्या कडेला, वेशीबाहेर, ओढ्याच्या उताराला. काळीत राबायचे, पांढरीची कामे करायची आणि राहायचे दोहोंच्या मधल्या फटीत. त्र्यंबक नारायण आत्र्यांचा 'गाव-गाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. महसूल खात्यात काम केलेल्या या लेखकाने गावाची व्यवस्था जितक्या बारकाईने नोंदवली तितकी क्वचितच कोणी नोंदवली असेल. त्या ग्रंथाचे मोल मला मान्य आहे. पण त्यातली नजर पांढरीच्या मध्यावर उभी राहून कुणब्यावर कोणाकोणाचा भार पडतो ते मोजते. महारवाड्यातून गाव कसे दिसते, हा प्रश्न तिला पडत नाही. आजही गावठाणाविषयी जे बोलले जाते ते बहुधा त्याच जागेवरून बोलले जाते.

पांढरीची ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्या कलम १२२ प्रमाणे गावाच्या वस्तीच्या जागेत कोणत्या जमिनी येतात ते ठरवण्याचा, तिची हद्द आखण्याचा आणि वेळोवेळी ती बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकारी किंवा भूमापन अधिकाऱ्याला आहे. अट एकच, जमीनधारकांचे चालू हक्क सांभाळायचे. हद्द कागदावरची आहे आणि कागद बदलता येतो, हे कायद्यालाच मान्य आहे. मग ती कोणासाठी बदलते?

याच संहितेत अलीकडे कलम ४२-ड आले. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतली जमीन राहण्यासाठी वापरायची तर अकृषिक परवानगीची जुनी वाट सोपी करण्यात आली. तरतूद चांगली आहे. पण ते दोनशे मीटर सातबारावर कोणाच्या नावाने आहेत, हे गावोगाव पाहावे. ज्याची जमीन गावाला लागून, त्याच्यासाठी रेघ दोनशे मीटर पुढे सरकली. ज्याला जमीनच नाही, त्याच्यासाठी ती होती तिथेच आहे. २०२० साली स्वामित्व योजना आली. ड्रोन उडवून गावठाणातली घरे मोजायची आणि घरमालकांना मिळकत पत्रिका द्यायची. यातूनही अनेकांच्या हाती पहिल्यांदाच घराचा कागद आला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मोजणी गावठाणाची. गायरानातल्या घरावरूनही ड्रोन जातो, पत्रिका मात्र तिथे उतरत नाही. रमाई आवास योजनेत घर बांधायला पैसे मिळतात, पण त्यासाठीही आधी पायाखालच्या जागेचा कागद लागतो. घराचा पैसा आहे, जागेचा कागद नाही, म्हणून घर नाही, असे हे चक्र आहे.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असे ठरले. नाव बदलणे क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता पोराला काय सोसायला लावतो, हे मला ठाऊक आहे. पण पाटी बदलली आणि रेघ तशीच राहिली, तर समतानगर म्हणजे कुठे, हे गावाला न विचारताच कळते.

दक्षिण आफ्रिकेत वंशावरून वस्त्या वेगळ्या ठेवण्यासाठी १९५० साली कायदा करावा लागला. लोक लढले आणि १९९१ साली तो रद्द झाला. आपल्याकडे अशा कायद्याची गरजच पडली नाही. म्हणून रद्द करायलाही हाती काही लागत नाही.

३

आता आपल्या साहित्याकडे वळतो. दलित साहित्यात घर हा विषय सुरुवातीपासून आहे. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ सालच्या संग्रहातील शीर्षककथेचा नायक रेल्वेत नोकरीला लागतो. खोली मिळावी म्हणून त्याला जात लपवावी लागते. नोकरी देणारे राज्य आणि खोली देणारा समाज यांच्यातली फट या कथेने नेमकी पकडली. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) गाव सुटते, पण मुंबईच्या कावाखान्यातही गावाची उतरंड सुटत नाही. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) तर गावच नाही. पाठीवर बिऱ्हाड आणि मुक्काम कुठेतरी गावाबाहेर.

या लेखकांनी अनुभव लिहिला आणि तो कागदपत्राइतका नेमका लिहिला. पुढे आम्ही समीक्षकांनी काय केले? 'गावकुसाबाहेरचे जग' असा एक शब्दप्रयोग तयार केला आणि प्रत्येक प्रस्तावनेत, प्रत्येक चर्चासत्रात तो वापरला. गावकूस ही दगडामातीची, मोजता येणारी, नकाशावर दाखवता येणारी गोष्ट होती. आमच्या हातात तिची प्रतिमा झाली. प्रतिमेवर प्रबंध लिहिता येतो, पण तिचा गट नंबर काढता येत नाही. गावकुसाबाहेरची ती जमीन आज कोणाच्या नावावर आहे, हे विचारल्याचे मी एकाही चर्चासत्रात ऐकले नाही. हा दोष मी स्वतःलाही लावतो. माझा एम.फिल.चा प्रबंध याच शब्दाभोवती फिरतो आणि त्यात सातबारा हा शब्द एकदाही आलेला नाही.

ग्रामीण साहित्याची गोष्ट वेगळी. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) मी दरवर्षी शिकवतो आणि आवडीने शिकवतो. दुष्काळात ती वाडी ओस पडते तेव्हा वर्गात शांतता होते. माझ्याही पोटात कालवते. पण वर्ग सुटल्यावर मनात येते की, अठ्ठ्याहत्तरनंतर आमची जी माणसे गावांतून उठली, त्यांच्या उठण्याला ओस पडणे हा शब्द कोणी वापरला नाही. गाव ओस पडते, वस्ती फक्त हलते. शहराच्या कडेला तीच माणसे पत्रे ठोकतात तेव्हा त्यांना स्थलांतरितही म्हटले जात नाही. थेट 'अतिक्रमक' म्हटले जाते. एकाच माणसाचे गाव सोडणे आणि दुसरीकडे घर बांधणे या दोन टोकांना मराठी भाषेने दोन वेगळे तराजू लावले आहेत.

४

हर्सूल हे या साऱ्याचे चांगले उदाहरण आहे. पूर्वी हे शहराबाहेरचे गाव. तलाव, हरसिद्धी मातेचे मंदिर, मध्यवर्ती कारागृह आणि जळगावकडे जाणारा रस्ता ही त्याची ओळख. १९८२ साली औरंगाबाद महानगरपालिका झाली आणि भोवतालची अठरा खेडी तिच्यात आली. हर्सूल त्यांतले एक. गावाला न हलता शहर व्हावे लागले. नोकरीचा दाखला आणि हप्ता भरण्याची ऐपत असलेल्यांसाठी सिडकोने सत्तरच्या दशकापासून आखीव शहर वसवले होते. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हते ते अशा खेड्यांच्या शिवारात तुकडे घेऊन राहिले. गुंठा म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. आमच्या वाट्याला धड गुंठाही आला नाही, पण व्यवस्थेचे नाव गुंठेवारी.

२००१ साली गुंठेवारी विकास नियमित करण्याचा कायदा झाला. १ जानेवारी २००१ पूर्वीची बांधकामे त्यात आली. २०२१च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. शहरातल्या हजारो कुटुंबांप्रमाणे आम्हीही फाइल दाखल केली, शुल्क भरले. या कायद्याची व्याख्या एकदा वाचण्यासारखी आहे. खाजगी मालकीच्या जमिनीचे विनापरवाना पाडलेले तुकडे म्हणजे गुंठेवारी. अतिक्रमणे त्यातून वगळलेली. माझ्या निवेदनातल्या 'अतिक्रमण' या शब्दाचे मूळ मला इथे सापडले. ज्याने शेतकऱ्याला पैसे मोजून बेकायदा तुकडा घेतला, त्याचे घर नियमित होऊ शकते. ज्याच्याकडे तेवढेही पैसे नव्हते म्हणून जो सरकारी जमिनीवर टेकला, त्याचे घर या कायद्याच्या दारातही येत नाही. परवानगी दोघांकडेही नव्हती. फरक खिशाचा होता. त्या फरकाला आम्ही आता नीतीचा फरक मानू लागलो आहोत.

न्यायालयाचे दाखलेही असेच अर्धे दिले जातात. गावाच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढावीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात दिला. घरे उठवायची म्हटली की त्याचा हमखास आधार घेतला जातो. पण त्याच निकालात अपवादही सांगितला आहे. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना शासनाने जमीन दिलेली असेल, तर नियमित करण्याला वाव ठेवलेला आहे. महाराष्ट्रात १४ एप्रिल १९९० पूर्वीची, शेतीसाठी केलेली गायरानातली अशा घटकांची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला होता. त्यामागे दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासूनची चळवळ आहे. हे सारे शासकीय कागदच आहेत. आमच्या मसुद्यात मात्र यातले काहीच नव्हते. मसुदा लिहिणाऱ्यांत दोघे शिक्षक होते.

५

समोरच्यांची बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यांचे तीन मुद्दे आहेत. पहिला पाण्याचा. या शहराने वर्षानुवर्षे रोजचे पाणी पाहिलेले नाही. नळावर आणखी तीस घरे आली तर आहे तेच पाणी वाटले जाणार. दुसरा सांडपाण्याचा. नाली नसलेली वस्ती वाढली की घाण ओढ्यात जाते आणि पावसाळ्यात तीच घरात येते. तिसरा मोकळ्या जागेचा. उद्या शाळेला, दवाखान्याला, खेळायला जागा कुठून आणायची?

तिन्ही मुद्दे खरे आहेत. त्यांना खोटे ठरवून मला पुढे जायचे नाही. पण हे तिन्ही मुद्दे आमची कॉलनी होत होती तेव्हा आमच्याविरुद्धही तितकेच खरे होते. आणि पाणी कमी असेल तर त्याचा जाब त्या तीस घरांकडे कसा मागता येईल? नाली नसेल तर नाली मागावी लागते. नाली नाही म्हणून माणूस हटवावा, हा तर्क मला परिचयाचा वाटतो. गावातही आधी आम्हाला घाणीची कामे दिली गेली आणि मग घाणेरडे म्हणून दूर ठेवले गेले. 'परिसराचे विद्रूपीकरण' हा शब्द त्याच तर्काची शहरी आवृत्ती आहे. मोकळ्या जागेचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. तिथे शाळेची जागा ठरलेली असेल, तर ती राखलीच पाहिजे. मग त्या घरांना पर्यायी जागा आधी द्यावी आणि घर नंतर काढावे. हा क्रम सोडला तर शाळेच्या नावाने काढलेल्या घरातलीच पोरे शाळेबाहेर राहतात.

२०२५च्या जून-जुलैत या शहरात रस्तारुंदीकरणासाठी मोठी पाडापाडी झाली. लोकमत त्या वेळी कसे बोलत होते ते मी चहाच्या टपरीवर, स्टाफरूममध्ये, रिक्षात ऐकत होतो. रस्ता रुंद झाला म्हणून बरे वाटणारे आणि घर गेले म्हणून रडणारे, दोघांच्याही तोंडी 'अधिकृत' आणि 'अनधिकृत' हेच दोन शब्द होते. हे शब्द घराचे वर्णन करतात असे आपण समजतो. ते घरमालकाच्या पोचेचे वर्णन करतात.

६

बाबासाहेबांना हा प्रश्न पुरता ठाऊक होता. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७ साली त्यांनी घटना समितीसाठी तयार केलेल्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यासाठी वसाहत आयोग नेमावा आणि सरकारी मालकीची लागवडयोग्य पडीक जमीन त्याच्याकडे द्यावी, असे सुचवले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याविषयी जे कठोर बोल काढले, ते आपण भाषणांत वारंवार उद्धृत करतो. पण त्या कठोरपणामागे जमिनीची ही ठोस योजना होती, हे विसरतो. त्यांचेही ते निवेदनच होते. त्यात वस्ती कुठे, जमीन कोणती आणि ती कोणी द्यायची, हे स्पष्ट होते. वेशीबाहेर ढकललेल्या माणसांना हक्काची वस्ती मिळावी म्हणून ते लिहिले गेले. आमच्या हातचे निवेदन मात्र ढकलण्यासाठी लिहिले जात होते. एकाच चळवळीतल्या या दोन निवेदनांमधले अंतर कशाने पडले, हे तपासणे आज आंबेडकरी समीक्षेचे काम आहे. त्यासाठी आपल्याला तलाठी सज्जात आणि नगर भूमापन कार्यालयातही जावे लागेल.

मी तो मसुदा लिहून देणार नाही, हे रात्री जेवताना घरात सांगितले. वडील जेवता जेवता थांबले.

"आपुन पैशे भरले का नाई? चौरस फुटाला मोजून भरले. त्यायला फुकट कामून?"

मी गुंठेवारीची व्याख्या सांगू लागलो. त्यांनी हात वर केला.

"ते तुझं पुस्तकातलं राहू दे. म्या चोरी नाई केली. बाँड हाये माह्याकडं. तुला जन्मापसून नळ हाये, म्हणून तू बोलतू."

यातले शेवटचे वाक्य खरे आहे. ते मी खोडू शकलो नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षे 'तुमचा कागद दाखवा' हा प्रश्न ऐकला, त्याला कागद मिळाल्यावर त्या कागदाची किंमत टिकावी असे वाटणारच. त्यांचा राग त्या पत्र्याच्या घरांवर नसावा. आपण भरलेले पैसे, मारलेल्या खेपा, सोसलेले अपमान कोणी हिशेबातून काढून टाकतो आहे, असे त्यांना वाटते. हा हिशेब मागावा तर तो ज्यांनी आम्हाला आमच्याच घराची किंमत दुसऱ्यांदा भरायला लावली त्यांच्याकडे. वडील तो शेजाऱ्याकडे मागताहेत, कारण शेजारी हाताच्या अंतरावर आहे.

दुसऱ्या दिवशी मी दुसरे निवेदन लिहिले. त्यात मागण्या तीन आहेत. मागच्या घरांची मोजणी आणि नोंद करावी. नाली आणि पाण्याची सोय दोन्ही वस्त्यांना एकत्र द्यावी. जागा सार्वजनिक कामासाठी लागणारच असेल, तर आधी पर्यायी जागा दाखवावी. 'मूळ' आणि 'बाहेरचे' हे शब्द त्यात नाहीत. आलेल्या पाचांपैकी दोघांनी सही केली. एकाने विचार करतो म्हटले. दोघे त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतेच बोलतात.

पत्र्याच्या घरांत जाऊन मी ते वाचून दाखवले. तिथल्या एका बाईंनी विचारले, "सर, ह्याच्यावर आमची सही चालती का? आमच्यापाशी इथला पत्ता नाई." चालते, असे मी म्हणालो. त्यांनी सही केली आणि पत्त्याच्या रकान्यात काय लिहू, म्हणून माझ्याकडे पाहिले. मी 'हर्सूल' लिहा म्हणालो.

निवेदन पुढच्या आठवड्यात द्यायचे आहे. वडिलांनी अजून सही केलेली नाही. कागद त्यांच्या खाटेजवळ ठेवला आहे. परवा चष्मा लावून ते तो वाचत होते.